तिसऱ्या खोलीतली अढी

रियाध सोडलं त्या दिवशी सकाळी सात वाजता बिल्डिंगच्या दारात पाच बायका उभ्या होत्या, आणि मी शुद्ध मूर्खपणा करते आहे यावर पाचही जणींचं एकमत होतं. वैशाली, गेली अकरा वर्षं माझी शेजारीण, तिने गाडीच्या उघड्या दारातच माझी ओटी भरली. बत्हाच्या बाजारातून आणलेला नारळ, ब्लाउजपीस, तांदूळ. "जूनपर्यंत हौस भागवून घे," ती म्हणाली, "आणि मग गुमान रत्नागिरीला जा." मागच्या सीटवर सई, आमची लेक, कानात इअरफोन घालून बसली होती. तिच्या पायांपाशी कढीपत्त्याची कुंडी आणि मांडीवर मिक्सर. तिला सातवीत, ऐन मैत्रिणी जमलेल्या असताना उचललं म्हणून ती माझ्याशीही बोलत नव्हती आणि बापाशीही. नितीनने गाडी सुरू केली. पदरातले तांदूळ सीटवर सांडू नयेत म्हणून मी दोन्ही हातांनी ओटी धरून बसले, त्यामुळे त्या पाच जणींना नीट हातही हलवून दाखवता आला नाही.

तेव्हापासून तुम्ही सगळे एकच प्रश्न विचारता आहात, तिकडे कसं आहे? रियाधवाल्यांच्या आवाजात कीव असते, गावाकडच्यांच्या आवाजात काळजी. वेगवेगळं उत्तर देऊन दमले. आता एकदाच सविस्तर लिहिते, वाचा.

आधी हे की आम्ही इथे आलो कसे. नितीन हॉस्पिटलांची वीज आणि एसीची कामं करणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे. कंपनीला जिझानला मोठं काम मिळालं आणि डिसेंबरात त्याची बदली झाली. जिझान म्हणजे देशाचं पार दक्षिणेचं टोक, समुद्राकाठी. रियाधची माणसं 'साउथ' म्हणताना हाताने खाली दाखवतात, विहिरीत काही पडल्यासारखं. आणि साउथला बदली झाली की काय करायचं हे ठरलेलं आहे. बायकोमुलांचा फायनल एक्झिट, म्हणजे देश कायमचा सोडायचा शिक्का, लावायचा, त्यांना भारतात धाडायचं आणि नवऱ्याने कंपनीच्या खोलीत राहून रोज व्हिडिओ कॉल करायचा. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण आमच्याच बिल्डिंगमधल्या चार घरांनी तो पाळला होता. मी डिसेंबर ते मार्च असा कॉल करून बघितला. रोज रात्री नितीनच्या पुढ्यात खुबूसची विकतची रोटी आणि उकडलेली अंडी. रोज मी विचारायचे, "जेवलास?" आणि रोज तो म्हणायचा, "जेवतोय की." तीन महिन्यांत आमचं दुसरं बोलणं झालंच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणून सईची वार्षिक परीक्षा झाली तशी मी शाळेतली गणिताची नोकरी सोडली आणि म्हटलं, आम्ही येतो.

पण मीही काही फार शूर नव्हे. माझ्या पर्समध्ये रत्नागिरीच्या शाळेचा प्रवेशाचा फॉर्म होता. माझीच जुनी शाळा. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, स्वतः जाऊन आणलेला आणि फोटो काढून पाठवलेला, तो मी छापून घेतला होता. एकतीस मेपर्यंत कळवायचं होतं. नाहीच जमलं तर सईला घेऊन अण्णांच्या घरी जायचं, असं मी आणि नितीनने ठरवलं होतं. आई जाऊन सहा वर्षं झाली. अण्णा पावसजवळच्या आमच्या घरी एकटे असतात. तेव्हा सोपं नव्हतं. एका बाजूला नवरा एकटा, दुसऱ्या बाजूला बाप एकटा, आणि मधे मी.

अण्णांची सत्तावीस आंब्याची कलमं आहेत. वर्षाच्या सईला घेऊन मी पहिल्यांदा सौदीला निघाले तो मे महिना होता आणि पडवीत अढी लागली होती. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. झाडावरून देठासकट उतरवलेले तयार पण कच्चे आंबे भाताच्या पेंढ्यात थर लावून ठेवायचे, वरून पेंढा झाकायचा आणि आठ-दहा दिवस वाट बघायची. अण्णा गुडघ्यावर बसून माझ्यासाठी एकेक आंबा निवडत होते. पोचल्यावर चौथ्या दिवशी पिकेल असा एक, सहाव्या दिवशी पिकेल असा एक. "दाबून बघू नको हं बायो," ते म्हणाले. "वास आला की कळतंच." ते आंबे खरंच त्याच क्रमाने पिकले. नितीनचा विश्वास बसेना.

त्यानंतर अकरा वर्षांत मी अढी पाहिली नाही. आखातात मुलं शिकवणाऱ्यांना हे सांगायला नको. इथल्या शाळांची सुट्टी जुलैत लागते. आपण गावी पोचतो तेव्हा आंबा संपलेला असतो आणि पागोळ्या गळत असतात. म्हणून मी दर मे महिन्यात फोनवर विचारायचे, "अण्णा, अढी घातलीत?" ते म्हणायचे, "घातली की." मी विचारायचे, "वास आला?" ते म्हणायचे, "घरभर." तेवढ्यावर माझं वर्ष जायचं.

तर रियाधहून निघून दुसऱ्या दिवशी आम्ही अभाच्या डोंगरांवरून खाली उतरायला लागलो. तो घाट आहे, दुसरा शब्द नाही. बोगदे, वळणं, खाली दरी. कठड्यावर माकडांची आख्खी टोळी बसली होती आणि त्यातल्या एका थोराडाने आमच्या गाडीकडे असं बघितलं की सईने इअरफोन काढला. दोन दिवसांतलं तिचं पहिलं वाक्य, "बबून्स, आई." मी म्हटलं, "हो." इतकंच संभाषण झालं, पण झालं. खाली उतरलो तशी काचेवर बाहेरून वाफ धरली. वायपर लावावे लागले. मी काच खाली केली आणि जी ओली, जड, खारट हवा आत आली ती मला ओळखीची होती. मला एकदम बरं वाटलं आणि तसं वाटल्याचा थोडा रागही आला, कारण मी नाखूष राहायचं ठरवून आले होते.

पहिल्या आठवड्यात मिठाने पाणी धरलं. रियाधला अकरा वर्षं मीठ वाळूसारखं सुटसुटीत असायचं. इथे चौथ्या दिवशी बरणीत गोळा. मी आई घालायची तसे चार तांदळाचे दाणे त्यात टाकले. पापड तळून ताटात येईपर्यंत मऊ पडतात, कपाटात ठेवलेल्या चपलांना बुरशी येते. सातारच्या नितीनला हे सगळं म्हणजे शिक्षा. मला काहीच वाटत नाही, माझं बालपण असल्याच हवेत गेलं. मासळी बाजारात सुरमई बघून मी तिथेच उभी राहिले आणि नितीन नाकाला रुमाल लावून बाहेर. आणि संध्याकाळी सिग्नलवर मोगऱ्याचे गजरे विकायला येतात. खरे, ताजे, गच्च ओवलेले. इथल्या बायका लग्नाकार्यात डोकं दिसणार नाही इतका मोगरा माळतात. रियाधला मी फ्रीजमधला मलूल गजरा गणपतीला वाहत होते, तोही कपाट उघडून, कारण या देशात मूर्ती उघड्यावर ठेवता येत नाही, देव कपाटात.

आता वाईटही सांगते, नाहीतर म्हणाल जाहिरात करते आहे. शहर वाढतंय म्हणजे काय ते राहणाऱ्यालाच कळतं. अर्धं शहर खणलेलं आहे. सकाळी ज्या रस्त्याने सईला शाळेत सोडलं तो दुपारी बंद असतो. फोनमधला नकाशा मला दोनदा थेट खड्ड्यापाशी घेऊन गेला. पत्ता सांगताना लोक म्हणतात, बकाल्याच्या मागे, खड्डा आहे तिथे. कुठला खड्डा ते आपण ओळखायचं. बकाला म्हणजे कोपऱ्यावरचं वाणसामानाचं दुकान. दुकानदार केरळचा आहे, त्याच्याकडे नारळ मिळतो, आमसूल मिळत नाही. हॉस्पिटलं, मॉल, शाळा, सगळ्यांच्या पाट्या लागल्यात आणि इमारती मागून येताहेत. धूळ सुटली की दोन दिवस खिडकी उघडता येत नाही. मराठी मंडळ नाही, हळदीकुंकू नाही, पुस्तकांची देवघेव नाही. औद्योगिक भागातल्या कॅम्पात गुहागर-खेडचे वेल्डर आणि फिटर आहेत असं नितीन सांगतो, पण त्यांच्या घरच्या बायका तिकडे, आणि मी इकडे.

सई शाळेतून आली की विचारावं, कसं झालं? "फाइन." कोणी भेटलं? "नोबडी." मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते, हे जुनंच. पण रियाधला निदान उत्तरं लांब असायची. नितीन सकाळी सहाला जायचा तो अंधार पडल्यावर यायचा. मधल्या वेळात मी, एसीचा आवाज आणि न शिकवलेलं गणित. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी मी पर्समधला फॉर्म काढला आणि उरलेले रकाने भरून टाकले. नितीनला सांगितलं. तो म्हणाला, "तुझं बरोबर आहे." भांडला असता तर बरं झालं असतं.

घराचं सांगायचं राहिलं. इथली घरं मोठी. आम्हाला तीन खोल्यांचा फ्लॅट मिळाला आणि तिसरी खोली कशासाठी तेच कळेना. मग त्यात खोकी ठेवली. आखातातल्या माणसाला खोक्यांचं सांगावं लागत नाही. टीव्हीचं खोकं, मायक्रोवेव्हचं खोकं, मिक्सरचं खोकं, सगळं थर्मोकोलसकट जपून ठेवायचं. एक दिवस परत जायचंय ना. अकरा वर्षं ती पलंगाखाली होती, इथे त्यांना स्वतंत्र खोली मिळाली.

खाली मालकीणबाई राहतात. त्यांना सगळे उम्म याह्या म्हणतात, याह्याची आई. साठीच्या पुढच्या, आवाज खणखणीत. त्यांच्या भावाची जवळच्या सब्या गावाच्या बाजूला आंब्याची बाग आहे हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं आणि माझे कान टवकारले. जिझानचा आंबा प्रसिद्ध आहे, हे मला रियाधला कोणी सांगितलं नव्हतं. मेच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही तिघं त्या बागेत गेलो. कलमं बुटकी, ओळीत लावलेली, खाली पाण्याच्या नळ्या. आंबा आपला हापूस नव्हे, जरा लांबट आणि मोठा. पण झाडाखाली उभी राहिले आणि वर बघितलं, तर बाकी सगळं तेच.

तिथल्या कामगाराने पिकलेल्या आंब्यांची पेटी पुढे केली. मी म्हटलं, नको, कच्चे हवेत. तो देठ मोडून आंबे टाकायला लागला. मी म्हटलं, असं नाही, देठासकट काढ, नाहीतर चीक सालीवर ओघळतो आणि आंबा डागळतो. हे सगळं मोडक्या अरबीत आणि हातवाऱ्यांनी. त्याने एकदा नितीनकडे बघितलं, नितीनने खांदे उडवले. शेवटी कात्री घेऊन मीच साठ आंबे उतरवले. घामाने चिंब झाले होते. इतकी मजा मला वर्षभरात आली नव्हती.

प्रश्न आला पेंढ्याचा. इथे भातशेती नाही. नितीन म्हणाला, "गवत ते गवत, मी आणतो," आणि गुरांच्या बाजारातून बरसीमच्या दोन गासड्या घेऊन आला. बरसीम म्हणजे आपल्याकडची लसूणघास. तारेने आवळलेली, वरून वाळलेली, आतून हिरवीगार. मला शंका आली होती. अण्णांना फोन करून विचारायला हवं होतं. पण आंबेवाल्याची मुलगी मी, बापाला अढी कशी घालायची ते विचारू? खोकी एका बाजूला सारली आणि फरशीवर बरसीम पसरून तिसऱ्या खोलीत अढी घातली. सईला सांगितलं, दार उघडायचं नाही, हात लावायचा नाही. तिला वाटलं मला काहीतरी झालंय.

पाचव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात उम्म याह्या आणि त्यांच्या मागे आमचा सुदानी वॉचमन, खाली बघत. बाई आत आल्या, चपला काढल्या आणि तडक बाथरूममध्ये गेल्या. मग दुसऱ्या बाथरूममध्ये. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वेन अल-खरूफ?" मेंढा कुठे आहे?

मला उलगडा व्हायला थोडा वेळ लागला. बकरी ईद पंधरा-वीस दिवसांवर होती. वॉचमनने नितीनला लिफ्टमधून वैरण वर नेताना पाहिलं होतं. आमच्या आधीच्या भाडेकरूने म्हणे ईदचा मेंढा आठवडाभर बाथरूममध्ये बांधला होता आणि सगळ्या बिल्डिंगला वास. आता पाच दिवसांनी पॅसेजमध्ये पुन्हा वास यायला लागला होता, म्हणजे ठरलंच. मी म्हटलं, "माफी खरूफ, मांगा, मांगा." मेंढा नाही, आंबे आहेत. बाईंना वाटलं मी थापा मारते आहे. तेव्हा मी तिसऱ्या खोलीचं दार उघडलं.

आतून गरम आंबूस वाफ आली. मी बरसीम बाजूला केली तर हाताला चटका बसेल इतकी ती तापलेली. ओल्या वैरणीने आत उकाडा धरला होता. खालच्या थरातले आंबे बोट लावताच फुटत होते, मधल्यांची साल काळी. साठातले चार-पाच धड असतील. आणि मला त्या परक्या बाईसमोर, त्या वॉचमनसमोर, रडू फुटलं. साठ आंब्यांसाठी रडत नव्हते हे मलाही कळत होतं. नोकरी सोडली, पोरीला तोडलं, नवऱ्याला धीर देते म्हणून आले आणि इथे येऊन आंबे कुजवले, असं सगळं एकदम आलं.

उम्म याह्यांनी वॉचमनला घालवून दिलं. मग त्या शेजारी फरशीवर बसल्या आणि आधी हसल्या. चांगल्या पोट धरून हसल्या. मग माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी सांगितलं ते मला अर्धंच कळलं, पण ते पुरेसं होतं. त्यांची आईदेखील आंबे असेच झाकून ठेवायची, पण दुऱ्याच्या वाळक्या ताटांत. बरसीम मेंढ्याची, दुरा आंब्याचा. दुरा म्हणजे ज्वारी. त्यांनी माझ्याबरोबर बसून सगळी घाण पिशव्यांत भरली.

त्या संध्याकाळी मी अण्णांना व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं कबूल केलं.

"खाली काय घातलंस म्हणालीस?"

"बरसीम."

"हिरवी वैरण?" अण्णा म्हणाले. "बायो, तू आंबे पिकवत नव्हतीस. उकडत होतीस."

मी हसले, आणि मग जे मनात होतं ते बोलून टाकलं. म्हटलं, जाऊ दे अण्णा, नाहीतरी मी फॉर्म भरलाय, या आठवड्यात पाठवते. पुढच्या वर्षी मेमध्ये मी तुमच्याच अढीत हात घालेन, सईला पण दाखवेन.

 अण्णा फोन हातात फिरवायला लागले, कधी त्यांचा कान दिसायचा, कधी छप्पर. मग म्हणाले, "अढी नाही घालत मी."

"यंदा नाही घातली?"

"तीन वर्षं झाली. आंबा झाडावरून थेट क्रेटमध्ये जातो, टेम्पो येऊन घेऊन जातो. मला साखर निघाली तेव्हापासून मी एक फोड खातो, तीही चोरून. अढी घालून खायला कोण? पडवीत आता स्कूटर असते."

मला राग आला. आधी रागच आला, बाकीचं नंतर. म्हटलं, दरवर्षी विचारत होते ना मी तुम्हाला, घरभर वास आला म्हणालात.

"तू इतक्या आनंदाने विचारायचीस," अण्णा म्हणाले, "नाही कसं म्हणू?"

 मग त्यांनी फोन नीट समोर धरला. "हे बघ, आलीस तर मला बरंच वाटेल, खोटं कशाला बोलू. पण अढीसाठी येऊ नको, अढी नाही. आणि माझ्यासाठी येत असशील तर एवढं ध्यानात ठेव, तिथे नितीन एकटा अंडी उकडून खाईल आणि इथे तू माझ्यासमोर बसून त्याच्या फोनची वाट बघशील. आपल्या घरात एकटा राहणारा एक मी आहे, तेवढा पुरे. आणखी एक नको."

त्या रात्री मी नितीनला अण्णांचं सगळं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "तुझे वडील मला कधी एवढं बोललेले नाहीत." फॉर्म कुठे आहे ते त्याने विचारलं नाही आणि मीही काढला नाही.

शनिवारी उम्म याह्यांचे यजमान पिकअपमधून ज्वारीच्या ताटांच्या पेंढ्या घेऊन आले आणि दोन पेट्या कच्चे आंबे, देठासकट. भावाच्या बागेत आता त्या 'हिंदी' बाईंची, म्हणजे माझी, पद्धत सगळ्यांना माहीत झाली होती. नितीनने एक ताट हातात घेतलं, मोडून बघितलं आणि त्याचा चेहराच बदलला. "हा तर कडबा," तो म्हणाला. मामाच्या गावी सुट्टीत त्याने कडब्याच्या गंजीवर उड्या मारल्या होत्या, ते सगळं त्याने सईला सांगितलं, अर्धं मराठीत अर्धं इंग्रजीत. आंब्याच्या बाबतीत या माणसाचा पहिल्यांदाच काही उपयोग झाला.

या खेपेला अण्णा फोनवर हजर होते. फोन सईच्या हातात. खोली चहूबाजूंनी दाखव म्हणाले. मग म्हणाले, "खाली टाइल्स आहेत. गार पडेल. काहीतरी जाड घाल."

जाड म्हणण्यासारखं त्या खोलीत एकच होतं. मी टीव्हीचं खोकं ओढलं. नितीन म्हणाला, "अगं, ते परत जाताना लागेल." मी सुरी हातात घेऊन उभी होते. त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "फाड."  मग त्याने खोक्याची एक बाजू धरली, मी दुसरी. टीव्हीचं झालं, मग मायक्रोवेव्हचं, मग मिक्सरचं. अकरा वर्षांची खोकी फरशीवर सपाट झाली. फोनवरून अण्णांनी विचारलं, "कसला आवाज येतोय?" सई म्हणाली, "दे आर टेअरिंग द बॉक्सेस, आजोबा." अण्णांना कळलं की नाही कोण जाणे, ते म्हणाले, "गुड, गुड."

मग त्यांनी सईकडून अढी लावून घेतली. आंबा आंब्याला लागू द्यायचा नाही. डागाळलेला वेगळा काढायचा. वर कडबा, मग पुन्हा थर. सईने विचारलं, मधे उघडून बघितलं तर काय होतं? अण्णांचं इंग्रजी मर्यादित आहे. ते म्हणाले, "नो."

नवव्या दिवशी सकाळी मी डबा भरत होते. सई शाळेचा युनिफॉर्म घालून, एक वेणी घातलेली एक सुटी, स्वयंपाकघराच्या दारात आली. या मुलीने मला महिन्याभरात मराठीत एक धड वाक्य ऐकवलं नव्हतं. ती म्हणाली, "आई, वास आला."

मी गॅस बंद केला. पॅसेजमध्ये खरंच वास होता. हापूसचा नाही, थोडा वेगळा, पण पिकल्या आंब्याचा, गोड आणि दाट. दार उघडून आम्ही दोघी खाली बसलो. मी तिला म्हटलं, हात घाल. तिने कोपरापर्यंत हात आत घातला आणि म्हणाली, आत उबदार आहे. हो, म्हटलं, असतंच. चाचपून तिने एक आंबा काढला, पिवळाधमक, देठापाशी जरासा हिरवा. तिने तो दाबून बघितला नाही. नाकाला लावला. ते तिला अण्णांनी शिकवलेलं असणार, मी शिकवलं नव्हतं. शाळेला उशीर झाला. होऊ दिला.

पहिले बारा आंबे उम्म याह्यांकडे गेले, दोन वॉचमनला. उम्म याह्यांनी ताट परत पाठवलं ते केळं, पीठ, तूप आणि मध कालवलेलं काहीतरी भरून, कारण रिकामं ताट परत करायचं नाही हे त्यांच्याकडेही आहे. एकतीस मे आला आणि गेला. मी रत्नागिरीच्या शाळेला फोन करून नाही म्हणून सांगितलं. अण्णांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बरं केलंस," आणि मग नेहमीपेक्षा लवकर फोन ठेवला. त्या फोन ठेवण्याचा मला अजून त्रास होतो. तो त्रास जाणार नाही हे मी धरून चालले आहे.

तर, तिकडे कसं आहे? खणलेलं आहे, दमट आहे, आमसूल मिळत नाही. सईला एक मैत्रीण मिळाली आहे, हैदराबादची, त्या दोघी दार लावून काय बोलतात कोण जाणे. सप्टेंबरपासून मला शाळेत आठवी-नववीचं गणित मिळालं. वैशाली, ओटीतला नारळ मी फोडून त्याची वडी केली, रागावू नकोस. रियाधला कोणी विचारलं की घर कुठे, तर मी पटकन पावस म्हणायचे. इथे विचारलं की मी थोडी थांबते आणि मग बकाल्याच्या मागचा खड्डा सांगते. आता तो बुजवलाय, तरी लोक ओळखतात. तिसऱ्या खोलीत खोकी नाहीत. तिथे एक पलंग टाकला आहे.

तो पलंग अण्णांसाठी. चौऱ्याहत्तराव्या वर्षी त्यांनी पासपोर्ट काढला, फोटोत चिडल्यासारखे दिसतात. इथला आंबा आपल्यापेक्षा महिनाभर आधी येतो. बागेचं पीक यंदा त्यांनी झाडावरच कराराने देऊन टाकलं, म्हणजे एप्रिलमध्ये ते मोकळे. व्हिजिट व्हिसाचे कागद नितीन बघतो आहे. विमानाची, उकाड्याची, परक्या भाषेची त्यांना काही काळजी नाही. दर फोनला त्यांचा एकच प्रश्न असतो. कडब्यावर त्यांचा विश्वास नाही. "पेंढा विमानात चालतो का, तेवढं विचारून ठेव."

मी विचारलं. चालत नाही. अण्णांना अजून सांगितलेलं नाही.